मंडईच्या दिवशी सपरीतली खुर्ची

"मंडईले ये. आलुबोंडे खाशील, दंडार पाहाशील, आन माही एक पोट्टी पाहाशील. बसाले लागली ते."

सुनंदाचा फोन असाच असतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. नागपूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. नंतर मी बँकेत चिकटले आणि ती विशेष शिक्षिका होऊन पवनीला आपल्या गावी परत गेली. ज्या मुलांना चालता, बोलता, ऐकता येत नाही किंवा उशिरा समजतं, त्यांच्या घरी जाऊन ती शिकवते. पवनी आणि लाखांदूरकडची कितीतरी गावं तिच्या स्कूटीने पालथी घातली आहेत.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. डोंगर असावा, नदी असावी, निदान चांगली भजी असावीत, तरच मी घराबाहेर पाय काढते. एक मुलगी बसायला लागली हे बघायला दिवाळीच्या पाठोपाठ कोण बाई प्रवास करते? पण सुनंदाच्या आवाजात असं काही होतं की मी पिशवी भरली. आलुबोंड्यांचाही मोह होताच, उगाच खोटं कशाला बोलू.

नागपूर ते पवनी

पवनीला उमरेडवरून जवळ पडतं. मी मुद्दाम भंडाऱ्यावरून गेले, कारण मला तो रस्ता आवडतो. सकाळची एसटी पकडा, खिडकी डावीकडची घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. हायवेवर शहापूरला गाडी थांबली तेव्हा मी चहा घेतला. चहा गोड म्हणजे इतका गोड की चमचा उभा राहावा. भंडाऱ्याला गाडी बदलून अड्याळच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धानच धान. लवकर येणारा हलका धान कापून त्याचे कडपे शेतात वाळत पडलेले, उशिराचा भारी धान अजून उभा. मधूनच एखादा तलाव चमकून जातो.

शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर फराळाचा डबा.

"मंडईले चाल्ली काय वो?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"लेकीकडं. मंडईले नाई गेली तं लेक वर्षभर बोलन नाई माह्याशी."

ज्यांना मंडई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की इकडे गावोगावी एकेका दिवशी मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडार म्हणजे इकडचं लोकनाट्य, नाटक, सगळं असतं, पण खरी मंडई घरात असते. लेकी, जावई, मामा, मावश्या, झाडून सगळे येतात. दारी आलेला माणूस पोहे-चहाशिवाय हलत नाही. आणि सोयरिकी जमतात त्या याच दिवसांत. पाहुणे "मंडई पाहाले आलो जी" म्हणत येतात आणि पोरगी पाहून जातात. नाही जमलं तर कुणाचा अपमान होत नाही, ते मंडईलाच तर आले होते! या युक्तीला माझा सलाम आहे.

पवनीत दुपारी उतरले. जुन्या तटाचा दरवाजा, देवळं, वैनगंगेचा घाट आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष एवढं पायी पाहून होतं. अवशेष पाहायचे तर ऊन उतरल्यावर जा, सावली फारशी नाही. घाटावर मी बराच वेळ बसले. नदी इथे रुंद आणि संथ आहे, बोलावंसं वाटत नाही.

रात्रीचं जेवण सुनंदाकडे झालं. नवा तांदूळ, वांग्याची झणझणीत भाजी आणि वर तिची बोलणी. "भात कमी घेतला तं उद्या उपाशी ठेवीन."

जेवताना मी सहज विचारलं, "अशी मुलं तुला सापडतात कशी?"

"आधी नव्हती सापडत. दारात उभं राहून विचारायची, तुमच्या घरी असं लेकरू हाय काय? सगळे म्हणायचे, नाई जी, देवाच्या कृपेनं सगळे चांगले हायेत. मंग शिबिरं ठेवली, ती रोवण्याच्या दिवसांत. धान लावायचा सोडून बाई लेकरू घेऊन येईल काय? कोणी नाई आलं. वर लोकच म्हणाले, मायबापाले पर्वाच नाई." सुनंदाने माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. "आता धान पाहूनच दिवस ठरवतो. अन् मंडईत घरोघरी पोहे खात फिरते. फक्त एक विचारते, मंडईले कोण नाई आलं?"

"म्हणजे?"

"सारं घर येते ना मंडईले. एखादी सून, एखादी बहीण मांग राहाते. ते काहून राहिली, तिच्याजवळ कोण हाय, तिथंच माहं लेकरू असते."

मी भात संपवला.

दुसरा दिवस: नदीपलीकडे

सकाळी पुलावरून नदी ओलांडून लाखांदूरकडे निघालो. स्कूटीवर मागे बसणाऱ्यांनी कमरेचा पट्टा बांधावा, एवढाच माझा सल्ला. डांबरी रस्ता ठीक आहे, पण आत गावाकडे वळलं की हाडं मोजून घ्यावी लागतात. स्वतःचं वाहन नसेल तर लाखांदूरपर्यंत एसटी आहे, पुढे ऑटो. राहायची सोय पवनीतच बघा. गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

ज्या मुलीला बघायला आलो तिचं नाव गुंजन. तीन वर्षांची. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून हातपाय ताठ राहतात. निजवून ठेवली की मान मागे जाते, घास घशात अडकतो. दीड वर्षाची असल्यापासून सुनंदा तिच्याकडे जाते. भंडाऱ्याहून अधूनमधून व्यायाम शिकवणाऱ्या ताई येतात. त्यांनी सांगितलेल्या मापाने गावच्याच सुताराने एक खुर्ची केली. पाठ कोपऱ्यासारखी, पायांमध्ये मऊ गुंडाळी, छातीला पट्टा, पुढे ताटासाठी फळी. त्या खुर्चीत गुंजन बसते. बसली की हात मोकळे होतात. हात मोकळे झाले की ती भाताची मूठ स्वतः तोंडात नेते. अर्धा भात फ्रॉकवर जातो, तो भाग वेगळा.

"पहिले दोन महिने तं खुर्ची वापरलीच नाई त्याईनं," सुनंदा वाटेत सांगत होती. "नवीन हाय, मळेल म्हणून चादर घालून ठेवली. मी येनार असली की काढायचे. मी म्हणलं, मले नाई बसायचं खुर्चीवर, तिले बसवा!"

मी हसले. माझ्या आईने सोफ्यावरचं प्लास्टिक दहा वर्षं काढलं नव्हतं, त्यामुळे मला ते घर जवळचंच वाटलं.

घरी पोचलो. पुढे सपरी, म्हणजे रस्त्याकडे उघडी पडवी, ताजी सारवलेली. फुलांची तोरणं, दोन नव्या चटया. खुर्ची नव्हती.

सुनंदाने इकडेतिकडे पाहिलं. "खुर्ची कुठं हाय वो, ज्योत्स्ना?"

ज्योत्स्ना म्हणजे गुंजनची आई. तिने पदराने उगाच हात पुसले. "मांग ठेवली, मॅडम. उद्या पाहुणे येऊन राहिले ना. प्रतिभाले पाहाले."

प्रतिभा ही गुंजनची आत्या. दारात पीठ चाळत बसली होती, तिने मान वर केली नाही.

मागची खोली अंधारी होती. खुर्चीवर धानाचं पोतं. बाजूला खाटेवर गुंजन, छताकडे डोळे. सुनंदाला पाहून तिने पूर्ण अंगाने हसून दाखवलं. चेहऱ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत ताणून हसली ती.

आजी मागोमाग आली. ज्योत्स्नाची सासू. तिने सुनंदाला टाळलं आणि मलाच सांगितलं, मी परकी म्हणून सोपं गेलं असावं. "तुमी सांगा बाई. हे माही नात हाय, जीव हाय माहा. पन एक पोट्टी उजवाची हाय. पाहुन्यानं पाह्यलं तं म्हनन, यायच्या घरान्यातच रोग हाय. प्रतिभाची जिंदगी कायले खराब करू?"

मला राग आला होता, चांगलाच. तोंडावर आलेलं वाक्य मी कसंबसं गिळलं. पण खोटं कशाला बोलू, आजीची भीती खोटी नव्हती. असं बोलणारे लोक मी नागपुरात, बँकेच्या कँटीनमध्येही ऐकले आहेत.

सुनंदा भांडली नाही. तिने पोतं उतरवलं, गुंजनला खुर्चीत बसवलं, हातापायांचे व्यायाम ज्योत्स्नाकडून करून घेतले, भरवून घेतलं. निघताना एवढंच म्हणाली, "आजी, व्याधी घराण्याची नाई, हे मी पाहुण्याले सांगू शकते. पन ठरवा तुमी."

परतताना स्कूटीवर मी फणफणले. "बोलली का नाहीस तिला?"

"बोलून दार बंद होते, शोभे. मंग त्या दारातून गुंजन बाहेर कशी येईल?" थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "एका दिवसानं काही बिघडत नाई. पन उद्या लपवली तं लग्नापर्यंत लपवावी लागन. लग्न झालं की जावयापासून लपवावी लागन. तेवढ्यात तिची कंबर धरून जाईल. मंग ते खुर्चीत बसनार नाई, कधीच. मले भेव त्याचा हाय."

मंडई

मंडईच्या दिवशी गाव ओळखू येत नव्हतं. बांगड्यांची दुकानं, फुगे, जिलेबीच्या कढया, कर्ण्यावर दोन गाणी एकाच वेळी. आलुबोंडा जरूर खा, वर तर्री मागून घ्या, आणि पाणी जवळ ठेवा. मी दोन खाल्ले आणि नाक पुसत गुंजनच्या घरी गेले. सुनंदाला आणि मला आग्रहाचं आमंत्रण होतं. मंडईत शिक्षिकेला कोण वगळणार?

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई. मुलगा लाजरा, साधा, लाखांदूरला दुकानात कामाला. गुंजनचे वडील मोरेश्वर हात बांधून कोपऱ्यात उभे. पोहे आले. धान कसा झाला, पाऊस कसा गेला, घरी मोठा मुलगा-सून आहेत, हे सगळं बोलून झालं.

सुनंदाने चहाचा कप हातात घेतला. "सारे आले काय जी मंडईले? मोठी सून दिसली नाई."

"घरी हाय," मुलाची आई पटकन म्हणाली. "ढोरं-वासरं पाहाले कोनी पाहिजे ना."

सुनंदाने मान डोलावली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून दुपारची एसटी गेली, लांबलचक हॉर्न देत. आणि मागच्या खोलीतून आवाज आला. "आँ! आँऽऽ!" रोज या वेळी गुंजन सपरीत बसून ही गाडी बघते आणि हात मारून ओरडते. आज हॉर्न ऐकू आला, गाडी दिसली नाही. ती पुन्हा ओरडली. मग रडायला लागली.

"शेजारचं लेकरू हाय," आजी म्हणाली.

प्रतिभाच्या हातात चहाचा ट्रे होता. तिने तो खाली ठेवला, अगदी हळू, एक कप हलला नाही. आत गेली. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून आणली आणि सपरीत, रोजच्या जागी ठेवली. मागोमाग ज्योत्स्ना गुंजनला घेऊन आली. तिला पट्टा लागेना. मोरेश्वर पुढे झाले आणि त्यांनी तो लावला.

"माह्या भावाची पोट्टी हाय," प्रतिभा म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हे रोज इथंच बसते. मी लग्न करून गेली तरी हे इथंच बसन. तुमाले चालत नसन तं आताच सांगा."

मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आजीने डोळे मिटले. मी बसल्या जागी देवाचं नाव घेत होते, आणि मी काही देवभोळी नाही.

मुलाची आई उठली. मला वाटलं, निघाली. ती खुर्चीजवळ गेली, खाली बसली. गुंजनकडे तिने पाहिलंच नाही. पाठीची फळी चाचपली, पट्टा ओढून पाहिला, पायांमधली गुंडाळी दाबून पाहिली.

"हे कोनं केली वो?"

"गावच्या सुतारानं," सुनंदा म्हणाली.

"मोठी बनते काय? नऊ वर्षाच्या लेकराले होईन, अशी?"

"अवं, चाल," तिचा नवरा पुटपुटला. "नंतर पाहू."

ती हलली नाही. "माहा नातू हाय. मोठ्या पोराचा. असाच हाय. मांगच्या खोलीत असते. त्याची माय त्याच्यासाठीच राह्यली घरी." मग तिने आजीकडे पाहिलं. "आमीबी सांगितलं नसतंच जी तुमाले. लग्न होयेपर्यंत तं नाईच."

आजीने तोंडावर पदर धरला. खांदे हलत होते, ती रडतेय की हसतेय मला कळेना. मग ती उठली, मुलाच्या आईचा गार झालेला चहा काढून घेतला आणि दुसरा गरम आणून दिला. "घे माय," म्हणाली. दोघी बराच वेळ खुर्चीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. गुंजनने फळीवरचे पोहे दोघींच्या अंगावर उडवले.

संध्याकाळी मोरेश्वर गुंजनला कडेवर घेऊन मंडईत गेले. फुगा तिच्या मुठीला बांधला होता. येणारे-जाणारे थांबून बघत होते, काही जण जरा जास्तच बघत होते. मोरेश्वर प्रत्येकाला सांगत होते, "माही पोरगी." मला काही सुचेना, म्हणून मी जिलेबी विकत घेतली.

परत नागपूर

येताना उमरेडच्या रस्त्याने आले. गाडीला गर्दी होती, भिवापूरपर्यंत उभी होते, मंडई करून परतणाऱ्यांत ते चालायचंच. घरी आल्यावर मुलीने विचारलं, कशी झाली ट्रिप? मी सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. फोटो होते माझ्याकडे, घाटाचे, धानाचे, आलुबोंड्यांचे. त्या सपरीचा एकही नव्हता.

थंडी पडू लागली तेव्हा सुनंदाचा फोन आला.

"जमलं. उन्हाळ्यात लग्न हाय, तुले यायचं हाय."

मी आनंदाने किंचाळले. मग विचारलं, "आणि तो मुलगा? खुर्ची झाली?"



"भंडाऱ्याच्या ताईले घेऊन गेलो होतो. सुतारबी संग होता, माप घ्यायले. नाई जमली शोभे खुर्ची. कंबर वळतच नाई त्याची. गुडघे धरून गेले. इतकी वर्षं पाठीवर निजून राह्यला ना. दवाखान्यात दाखवाले नेनार हाओत, डॉक्टर काय म्हनते पाहू. पन बसंल असं मले नाई वाटत. उतरती फळी करून देली. कुशीवर निजवते त्याची माय, उशा लावून. फळी सपरीत ठेवली. रस्ता दिसते त्याले आता. काल बकऱ्या गेल्या तं हसला म्हने."

"चांगलंच झालं ना," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"हो. चांगलंच झालं."

मी फोन ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात ती म्हणाली, "त्याच्या मायनं मले एक विचारलं. म्हने, मॅडम, गुंजन किती वर्षाची होती, तुमी पहिल्यांदा गेले तवा? मी सांगितलं, दीड वर्षाची."

"मग?"

"काही नाई. फळीवरची उशी सारखी करत होती. म्हने, माहाबी दीड वर्षाचा होता ना जी कधी. तुमी आले नाई, आन मी कोनाले सांगितलं नाई."